गणित, सागवान आणि सहा तारा



इलेक्ट्रिक गिटार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गॅदरिंगचं स्टेज, लाइट्स आणि पहिल्या रांगेतला आरडाओरडा येतो. पण तिचे स्क्रू काढून आत बघितलं तर काय सापडतं? फर्स्ट इयरचं फिजिक्स, वर्कशॉपमधला कार्पेंट्रीचा जॉब, थोडं स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स आणि नेटवर्क थिअरीतलं एक रेझोनन्स सर्किट. म्हणजे आपला सिलॅबसच की! गेल्या दीड वर्षात सुट्टी मिळेल तशी मी पेठला, घरच्या पडवीत, आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांच्या मदतीने एक इलेक्ट्रिक गिटार बनवली. ती कशी बनते ते क्रमाने सांगते. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा शुद्धलेखनाचे मार्क कापू नयेत ही नम्र विनंती!)

आधी थोडा इतिहास

सतार, तंबोरा किंवा साध्या गिटारमध्ये तारेचा आवाज मोठा करायचं काम पोकळ भोपळा किंवा पोकळ पेटी करते. इलेक्ट्रिक गिटारला पोकळीची गरज नाही. तारेचं कंपन चुंबक आणि कॉइल ओळखतात, मोठं करतो अॅम्प्लिफायर. हे सिद्ध करायला अमेरिकेत लेस पॉल यांनी १९४०-४१च्या सुमारास चार इंच बाय चार इंचाच्या भरीव लाकडी ओंडक्यावरच तारा चढवल्या. लोकांना तो ओंडका गिटार वाटेना, म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंना एका जुन्या गिटारचे अर्धे भाग चिकटवले! पुढे १९५० मध्ये लिओ फेंडर यांनी भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. हे गृहस्थ रेडिओ दुरुस्त करणारे, त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यांनी मान वेगळी, धड वेगळं करून चार स्क्रूंनी जोडलं. घरी बनवणाऱ्यांसाठी हीच पद्धत सगळ्यात सोपी.

आणि आपल्या महाराष्ट्राचा संबंध? आहे ना! पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारूख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाला माहीत झाला. त्याच्या 'क्वीन' बँडमधल्या ब्रायन मे यांनी १९६३ मध्ये, शाळकरी वयात, इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर असलेल्या वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली. मानेचं लाकूड जुन्या फायरप्लेसचं, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातल्या आणि मानेवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे! तीच गिटार ते आयुष्यभर वाजवत आले. २००७ मध्ये खगोलभौतिकीत पीएच.डी.ही पूर्ण केली. तेव्हा 'अभ्यास की छंद' हा प्रश्न घरच्यांनी काढला की हे उदाहरण तोंडावर फेकायचं.

१) लाकूड

पेठ म्हणजे नाशिकहून सावळघाट ओलांडून पन्नास-पंचावन्न किलोमीटर, गुजरातच्या हद्दीजवळ. आजूबाजूच्या जंगलात साग, शिसव, शिवण, ऐन. पण जंगलात जाऊन फांदी तोडायची नाही! झाड तोडायला आणि लाकूड हलवायला वन विभागाची परवानगी लागते. शिवाय ओलं लाकूड आपल्या उपयोगाचंही नाही. आम्ही जुन्या घराची उतरवलेली सागवानी तुळई घेतली. वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड आता फारसं हलत नाही. अशा लाकडावर रंधा मारण्याआधी चुंबक फिरवून आतले मोडके खिळे शोधायचे, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच.

वजनाचं गणित आधी करा. गिटारच्या धडाचं आकारमान साधारण ४.२ लिटर धरा. शिवणीची घनता अंदाजे ४८० किलो प्रति घनमीटर, म्हणजे धड २ किलोचं. सागाची ६५०, म्हणजे २.७ किलो. शिसवीची ८५०, म्हणजे ३.६ किलो. त्यात मान आणि धातूचे भाग मिळवा आणि तासभर खांद्यावर घेऊन उभं राहायचं आहे हे लक्षात ठेवा. म्हणून आम्ही धड शिवणीचं आणि मान सागाची केली. सागात तेल असतं, त्यामुळे चिकटवायच्या आधी तो भाग थिनरने पुसून घ्यावा, नाहीतर सांधा सुटतो.

आता पेठचा पाऊस! हवेत ६५ टक्के आर्द्रता असते तेव्हा लाकडात साधारण १२ टक्के पाणी राहतं. ९० टक्के आर्द्रतेत ते २० टक्क्यांपर्यंत चढतं. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीत वाढतं. मानेची ५० मिलिमीटर रुंदीची सागवानी पट्टी जून ते सप्टेंबरमध्ये अर्धा-पाऊण मिलिमीटर फुगू शकते. पावसाळ्यात पडदे बसवले तर हिवाळ्यात पट्टी आकसते आणि पडद्यांची टोकं बाहेर येऊन बोटांना टोचतात. म्हणून आमच्याकडे एक नियम ठरला: पावसाळ्यात फक्त वायरिंग, मापाचं लाकूडकाम दिवाळीनंतर.

२) पडद्यांचं गणित

सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, कानाला पटेल तसे सरकवता येतात. गिटारचे पडदे लाकडात ठोकलेले. एकदा चीर पडली की संपलं. त्यामुळे इथे कानाच्या आधी कॅल्क्युलेटर लागतो.

एका सप्तकात कंपनसंख्या दुप्पट होते आणि सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. म्हणजे प्रत्येक पडद्याला कंपनसंख्या दोनाच्या बाराव्या मुळाने, १.०५९४६ पटीने, वाढते. यावरून सोपा नियम निघतो: उरलेल्या तारेच्या लांबीला १७.८१७ ने भागा, पुढचा पडदा तेवढ्या अंतरावर.

तारेची लांबी ६४८ मि.मी. घेतली तर वरच्या टोकापासून अंतरं अशी येतात:

पहिला पडदा – ३६.३७ मि.मी.
दुसरा – ७०.७० मि.मी.
तिसरा – १०३.१० मि.मी.
पाचवा – १६२.५५ मि.मी.
सातवा – २१५.५१ मि.मी.
बारावा – ३२४.०० मि.मी. (बरोबर अर्ध्यावर, हाच ताळा!)

पूर्वीचे कारागीर १७.८१७ ऐवजी सरळ १८ ने भागायचे. हा नियम सोळाव्या शतकात विन्चेन्झो गॅलिली यांनी मांडला होता, म्हणजे आपल्या गॅलिलिओच्या वडिलांनी. १८ ने भागलं तर बारावा पडदा ३२१.६ वर येतो. फरक जेमतेम २.४ मिलिमीटर, पण स्वर कानाला जाणवेल इतका उतरतो.

दोन सूचना. एक, प्रत्येक अंतर वरच्या टोकापासूनच मोजा. एका पडद्यापासून दुसरा असं मोजत गेलात तर छोट्या छोट्या चुका साठत जातात (आठवा, मेट्रॉलॉजीतली क्युम्युलेटिव्ह एरर). दोन, तार दाबली की थोडी ताणली जाते आणि स्वर चढतो. म्हणून घोडी हिशेबाच्या जागेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर मागे सरकवावी लागते.

चीर किती रुंद? साधारण ०.६ मि.मी. लोखंड कापायच्या ब्लेडचे दात बाहेर वाकलेले असतात, त्यामुळे चीर जास्त रुंद पडते. सुतारकाकांनी ब्लेड दगडावर दोन्ही बाजूंनी घासून दात सपाट केले, आणि नेमकी हवी तेवढी चीर पडायला लागली. मी व्हर्नियर घेऊन बसले होते. काका म्हणाले, "पोरी, पेन्सिलीची रेघसुद्धा अर्धा मिलिमीटर जाड असते. रेघेच्या कुठल्या अंगाला कापायचं ते आधी ठरव." हे वाक्य आमच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये नाही, पण असायला हवं!

३) तारांचा ताण

सगळ्यात बारीक तार ०.२५४ मि.मी. व्यासाची, वजन मीटरला साधारण ०.४ ग्रॅम, कंपनसंख्या ३३० हर्ट्झ. दुप्पट लांबी गुणिले कंपनसंख्या, त्याचा वर्ग, गुणिले मीटरमागचं वस्तुमान. उत्तर सुमारे ७३ न्यूटन, म्हणजे साडेसात किलो. सहाही तारांचा मिळून ताण सुमारे ४५ किलो होतो. सिमेंटच्या गोणीपेक्षा थोडाच कमी, आणि तो दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या लाकडाला सतत वाकवत असतो! म्हणून मानेच्या आत खाच पाडून लोखंडी रॉड बसवतात. टोकाचा नट आवळला की रॉड मानेला उलट दिशेने ओढतो आणि बाक निघतो. आटे पाडलेला असा रॉड लेथवर कुणीही करू शकेल.

४) पिकअप

हा माझ्या ब्रँचचा भाग! सहा चुंबकांभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळली की पिकअप तयार. चुंबकामुळे वरची पोलादी तार चुंबकित होते, ती हलली की कॉइलमधला फ्लक्स बदलतो आणि फॅरडेच्या नियमाने व्होल्टेज तयार होतं. नायलॉनच्या तारा इथे मुक्या राहतात त्या याचमुळे.

वेढे साधारण ८०००. एका वेढ्याची सरासरी लांबी १४ सें.मी. धरली तर एकूण तार ११२० मीटर. एवढ्याशा पिकअपमध्ये एक किलोमीटरहून जास्त तार! रेझिस्टन्स ६ किलोओहमच्या आसपास आला की समजायचं काम जमलं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. परदेशी पुस्तकांत '४२ गेज' लिहिलेलं असतं. ते अमेरिकन गेज, ०.०६३ मि.मी. जाडीचं, केसाएवढं. आपल्याकडची मोटार रिवाइंडिंगवाली मंडळी ब्रिटिश गेज वापरतात, त्यात ४२ म्हणजे ०.१०२ मि.मी. त्या तारेचे तेवढे वेढे बॉबिनमध्ये मावणारच नाहीत. दुकानात ४६ नंबर मागा.

वेढे मोजायला फिरत्या चकतीवर छोटं चुंबक, समोर रीड स्विच आणि त्याच्या वायरी साध्या कॅल्क्युलेटरच्या 'बरोबर' बटणाला. १ + १ दाबून सुरू करा, प्रत्येक फेऱ्याला आकडा एकने वाढतो. झाला काउंटर!

पिकअपची इंडक्टन्स २.५ हेन्री आणि केबलसकट कपॅसिटन्स ६०० पिकोफॅरड धरली तर 'वन अपॉन टू पाय रूट एल-सी' प्रमाणे रेझोनन्स ४१०० हर्ट्झच्या जवळ येतो. आपला कान याच भागात तिखट असतो. केबल लांब केली, कपॅसिटन्स १००० झाली, तर तो ३२०० वर उतरतो आणि आवाज बोथट होतो. परीक्षेत घोकलेला फॉर्म्युला असा कानाने ऐकायला मिळाला की तो विसरत नाही.

शेवटी पिकअप वितळलेल्या मेणात बुडवून ठेवतात, म्हणजे वेढे हलत नाहीत आणि अॅम्प्लिफायर शिट्टी मारत नाही. मेण थेट गॅसवर नाही, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवायचं. आमच्या भागात तारपा बनवतानाही सांधे बुजवायला मेणच लागतं. वाळलेला भोपळा, बांबू, ताडाचं पान आणि मेण यांतून वाद्य घडवणारी माणसं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. घरी वाद्य बनवणं ही काही अमेरिकेतून आलेली आयडिया नाही.

५) अर्थिंग

यात थट्टा नको. गिटारच्या तारा घोडीमार्फत ग्राउंडला जोडलेल्या असतात आणि ते ग्राउंड अॅम्प्लिफायरमधून भिंतीतल्या अर्थिंगपर्यंत जातं. अॅम्प्लिफायरमध्ये बिघाड आणि घरात अर्थिंग नाही, अशी जोडी जमली तर करंट सरळ वाजवणाऱ्याच्या बोटांत येतो. तीन पिनांपैकी मोठी पिन काढून टाकायची सवय हॉस्टेलवर कुणाकुणाला आहे ते मला माहीत आहे! आधी अर्थिंग तपासा, मगच वायर लावा.

हे सगळं कशासाठी?

आता खरा मुद्दा. सुतारकाकांकडे पूर्वी दारं, खिडक्या, देव्हारे, पाळणे अशी वर्षभर कामं असायची. आता लोक नाशिकहून तयार फर्निचर आणतात, खिडक्या अॅल्युमिनिअमच्या बसवतात. काकांचा मुलगा सातपूरला कंपनीत लागला. त्यात वाईट काही नाही. पण दगडावर ब्लेड घासून ०.६ मि.मी.ची चीर पाडणारा हात काकांबरोबरच संपणार का, हा प्रश्न मला सोडत नाही.

याचं एक उत्तर मिरजेत सापडतं. तिथले शिकलगार तलवारी आणि हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम आटलं, तेव्हा फरीदसाहेबांनी वाद्यदुरुस्तीला हात घातला आणि त्यातून सतार-तंबोरे बनवणारी घराणीच उभी राहिली. भोपळे पंढरपूरच्या बाजूचे, कारागिरी मिरजेची! २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे काम गेलं म्हणून हात वाया जात नाही, त्या हाताला दुसरी वस्तू मिळावी लागते. ती शोधून देण्यात इंजिनिअरचा उपयोग होऊ शकतो. मोजमाप, हिशेब, ड्रॉइंग आपलं. लाकडाची समज त्यांची. गिटार पूर्ण झाल्यावर काकांनी माझ्याकडून पडद्यांचा तक्ता कागदावर लिहून घेतला आणि पटाश्यांच्या पेटीत ठेवला. नाशिकच्या एका मुलासाठी आता ते दुसरी मान करताहेत, आणि त्याचे पैसे ठरवून घेतले आहेत.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या सुट्टीत एवढंच करा. एक लांब कागद घ्या, ६४८ मि.मी.ची रेघ मारा, १७.८१७ ने भागत बावीस खुणा करा. बारावी बरोबर ३२४ वर आली की तो कागद घेऊन आपल्या गावातल्या सुताराकडे जा आणि विचारा, "काका, एवढ्या बारीक चिरा पाडता येतील का?" बहुतेक ठिकाणी उत्तर 'हो' येईल. पुढचं शिकवायला ते आहेतच.