नदी खाली नेते, वारा वर नेतो

(भूगोल व विज्ञान : अभ्यासलेख)



भूगोलाच्या तासाला आम्ही नाईल नदीचा धडा शिकत होतो. गुरुजींनी कैरो शहराचे एक चित्र दाखवले. दोन्ही काठांवर उंच इमारती, पुलावर मोटारींची रांग, आणि मधल्या पाण्यात पांढऱ्या शिडाच्या होड्या. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "गुरुजी, होडी पाण्याबरोबर खाली जाते हे कळलं. पण ती परत वर कशी येते? इंजिन तर कुठं दिसत नाही!" गुरुजी हसले आणि म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. शोधा, आणि सापडलं ते भित्तिपत्रकात लिहा." म्हणून हा लेख.

१. नाईल आणि कैरो

नाईल ही जगातील फार लांब नद्यांपैकी एक. तिची लांबी सुमारे ६,६५० किलोमीटर आहे. ती दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि भूमध्य समुद्राला मिळते. इथे आमचा पहिला घोटाळा झाला. नकाशात उत्तर वरच्या बाजूला असते, म्हणून नाईल वर चढते आहे असे वाटते. पण नदीच्या बाबतीत 'वर' म्हणजे उगमाकडे आणि 'खाली' म्हणजे मुखाकडे. या लेखात वर-खाली हे शब्द याच अर्थाने वाचा.

कैरो ही इजिप्त देशाची राजधानी. शहर आणि त्याला लागून वाढलेली वस्ती मिळून सुमारे दोन कोटी लोक तिथे राहतात. शहराच्या मधूनच नाईल वाहते. तिथल्या शिडाच्या होडीला 'फेलुका' म्हणतात. होडी रुंद असते. मध्ये एक डोलकाठी, तिला तिरपी बांधलेली एक लांब काठी, आणि त्या काठीला तिकोनी शीड. आपल्या कोकणातल्या जुन्या मचव्यांना, गलबतांना असेच तिरप्या काठीचे शीड असे. होडी चालवणाऱ्याला तिथे 'रईस' म्हणतात. आपल्याकडे रईस म्हणजे श्रीमंत माणूस, तिथे रईस म्हणजे होडीचा तांडेल!

२. थोड्या वेळाची सफर

चला, मनातल्या मनात त्या होडीत बसू या. आधी छाती-पाठीला तरंगणारे जाकीट बांधायचे. हे विसरायचे नाही.

काठावरच्या रस्त्यावर मोटारींचे भोंगे वाजत आहेत. रईस दोर सोडतो, काठाला वल्ह्याने रेटा देतो आणि शीड उघडतो. शीड आधी फडफडते. मग वारा भरतो, शीड ताठ होते, आणि फडफड थांबते. होडी चालू लागते. इंजिन नाही, म्हणून धक्का नाही, धूर नाही. होडीच्या तोंडाशी पाण्याचा चुळुकचुळुक आवाज तेवढा येतो. शहराचा आवाज काठावरच राहतो.

डाव्या-उजव्या हाताला इमारती मागे सरकतात. नदीतल्या बेटावर कैरोचा मनोरा दिसतो. तो १८७ मीटर उंच आहे आणि १९६१ मध्ये पुरा झाला. पुढे कस्र अल-नील नावाचा पूल येतो. तो १९३३ साली खुला झाला. त्याच्या टोकांना सिंहांचे पुतळे आहेत. उंच डोलकाठी पुलाखाली अडते, म्हणून अशा होड्या बहुधा दोन पुलांमधल्या पाण्यातच फिरतात. रईस सुकाणू वळवतो, शीड दुसऱ्या बाजूला जाते, आणि आपण परत त्याच घाटाला येऊन लागतो.

आता प्रश्न हा की जाताना आणि येताना, दोन्ही वेळा होडीला कोणी नेले?

३. उत्तर सापडले ते असे

नाईलचे पाणी दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. आणि इजिप्तमधला नेहमीचा वारा भूमध्य समुद्रावरून येतो, म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. पाणी एका दिशेला, वारा बरोबर उलट दिशेला! खाली जायचे असेल तर शीड गुंडाळा, पाणी नेईल. वर जायचे असेल तर शीड उघडा, वारा नेईल. नदीही फुकट, वाराही फुकट.

ही गोष्ट तिथल्या लोकांना हजारो वर्षांपूर्वी कळली होती. त्यांची जुनी लिपी चित्रांची होती. 'दक्षिणेला जाणे' लिहायचे तर ते शीड उघडलेली होडी काढत. 'उत्तरेला जाणे' लिहायचे तर बिनशिडाची होडी काढत. पिरॅमिडच्या कामाला लागलेले ग्रॅनाइटचे मोठमोठे दगड आस्वानहून शेकडो किलोमीटर नदीतूनच खाली आणले. रिकाम्या नावा वाऱ्यावर परत वर जायच्या.

हे लिहिताना एक गणितही करून पाहिले. आकडे आम्ही धरलेले आहेत. समजा, शांत पाण्यात वाऱ्यावर होडी तासाला ५ किलोमीटर जाते आणि नदीचे पाणी तासाला २ किलोमीटर वाहते. वर जाताना पाणी मागे ओढते.
५ – २ = ३ किलोमीटर.
म्हणजे दीड किलोमीटर वर जायला अर्धा तास. परत येताना शीड गुंडाळले तर पाण्याचा वेग २ किलोमीटर. दीड किलोमीटरला पाऊण तास. परतीला वारा समोरून थोडा अडवील, तो हिशेबात धरलेला नाही. एकूण सव्वा तास. गणिताच्या पुस्तकातले 'नाव आणि प्रवाह' याचे उदाहरण ते हेच, बरं का!

४. वारा समोरून आला तर?

आपल्याकडे म्हणतात, वारा वाहील तशी पाठ द्यावी. पण होडीवाल्याला नेहमी पाठ देऊन चालत नाही. ज्या बाजूने वारा येतो, त्याच बाजूला जायचे असले तर?

सरळ वाऱ्याच्या तोंडावर कोणतीही शिडाची होडी जाऊ शकत नाही. मग ती तिरपी जाते. थोडे डावीकडे, मग वळून थोडे उजवीकडे, पुन्हा डावीकडे. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना एस. टी. सरळ डोंगरावर चढते का? नाही. वळणे घेत घेत चढते. वाट लांबते, पण माथा गाठला जातो. होडीही तसाच वाऱ्याचा घाट चढते.

पण वारा तर होडीला बाजूला ढकलतो. मग ती पुढे कशी जाते? यासाठी टरबुजाची ओली बी घ्या. ती अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून दाबा. बोटे दाबतात बाजूंनी, पण बी सुटकन पुढे पळते! होडीचेही तसेच. एका बाजूने वारा शिडाला दाबतो. दुसऱ्या बाजूने पाणी होडीच्या तळाला अडवते. त्यासाठी तळाला खाली उतरणारी एक उभी फळी असते. ती पाण्यात आडवी सरकू देत नाही, जसे चाकोरीत पडलेले गाडीचे चाक बाजूला सरकत नाही. मग होडीला एकच वाट उरते, ती म्हणजे पुढची.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. शिडाचा दोर जाणता खलाशी पक्का बांधून ठेवत नाही, हातात धरतो. अचानक जोराची झुळूक आली तर दोर लगेच सैल सोडता आला पाहिजे, नाहीतर होडी कलंडते. बैलाचा कासरा जसा हातात ठेवतात, तसेच हे. वाऱ्याला जुंपायचे, पण कासरा सोडायचा नाही.

५. आपली तापी

हे सगळे समजल्यावर साहजिकच दुसरा प्रश्न निघाला. आपल्या तापीवर असे का नाही?

तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते. चांगदेवजवळ तिला पूर्णा मिळते. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून पश्चिमेला वाहत ती उकाईच्या धरणात जाते आणि पुढे सुरत शहरातून समुद्राला मिळते. लांबी ७२४ किलोमीटर. आता वारा पाहा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो. म्हणजे तापीचे पाणी पश्चिमेला आणि वारा पूर्वेला. अगदी नाईलसारखाच योग!

पण इथेच गंमत आहे. ज्या महिन्यांत वारा चांगला, त्याच महिन्यांत तापीला पूर. गढूळ पाणी, भोवरे, वाहून येणारी झाडे. तेव्हा होडी घालणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. आणि पाणी निवळून शांत झाले की वारा पडतो, पाणी उतरते, खडक उघडे पडतात. नाईलला वर्षभर पाणी आहे, कारण ती दूरच्या पावसाच्या प्रदेशांतून येते. शिवाय आस्वानचे मोठे धरण १९७० मध्ये पुरे झाल्यापासून तिचा पूरही आवरला गेला. आपल्या नद्या चार महिन्यांच्या पावसावर जगतात.

म्हणूनच जुन्या काळीही खानदेशात मालाची वाहतूक नदीतून होत नव्हती. बऱ्हाणपूरचे कापड आणि इतर माल गाड्यांवर, उंटांवर लादून तापीच्या खोऱ्यातल्या वाटेने सुरतेला जाई. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१५ साली सुरतेहून बऱ्हाणपूरला आला, तोही जमिनीवरूनच. तापीत गलबते चालत ती फक्त समुद्राजवळच्या भागात, जिथे भरतीचे पाणी येते. मोठी जहाजे सुवाळीला समुद्रात नांगर टाकत, आणि लहान होड्या माल नदीतून शहरात आणत. सुरत त्यामुळेच श्रीमंत झाली. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० अशी दोनदा सुरत लुटली, ती याच बंदराची संपत्ती.

आज आपल्या भागातली कितीतरी कुटुंबे ताप्ती लाईनच्या गाडीने सुरतेला कामाला गेली आहेत. उधना, लिंबायत भागात अहिराणी ऐकू येते. आपल्या गावाजवळून वाहणारे पाणीही तिकडेच जाते. पण त्याच नदीने ऑगस्ट २००६ मध्ये सुरत शहर बुडवले होते. नदी शहरातून वाहते ती सफरीची सोय म्हणूनच वाहते असे नाही, हे विसरू नये.

६. आपले पाणी कुठे गेले, आपला वारा कुठे गेला?

आमच्यातला एकजण म्हणाला, "मग आपल्या नदीचा काय उपयोग? होडीसुद्धा चालत नाही!" त्याला उत्तर द्यायलाच हवे.

धुळे शहराच्या मधून पांझरा वाहते. कैरोसारखीच गजबजलेल्या शहरातून. पण वर्षातला बराच काळ तिच्यात होडी तरंगेल एवढे पाणी नसते. ते पाणी जाते शेतात. पांझरेवर आपल्या पूर्वजांनी लहान लहान बंधारे बांधले आणि पाटाने पाणी नेऊन 'फड' भिजवले. ही फड पद्धत दूरदूरचे लोक अभ्यासायला येतात. म्हणजे नदी होडी नेत नाही, पण पीक उभे करते.

आणि वारा? साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांचे पाते नीट पाहा. ते वाऱ्याला तिरपे धरलेले असते. वारा त्याला दाबतो आणि ते पुढे सरकते. पण ते मधल्या आसाला जोडलेले, म्हणून गोल फिरते. पवनचक्कीचे पाते म्हणजे डोंगरावरचे शीडच! होडीचे शीड माणसे नेते, हे शीड वीज देते.

पांझरेत जेवढे पाणी उरते, त्यात मात्र आपण सांडपाणी आणि प्लास्टिक टाकतो. होडी चालावी एवढे पाणी आणणे आपल्या हातात नाही. आहे ते पाणी घाण न करणे आपल्या हातात आहे.

७. करून पाहा

साहित्य : जुन्या स्लिपरचा तुकडा, खराट्याची काडी, वहीच्या पुठ्ठ्याचे तिकोनी शीड, पत्र्याची बोथट पट्टी, पाण्याने भरलेला घमेला किंवा हौद.

कृती :
(१) स्लिपरच्या तुकड्याला होडीचा आकार द्या. काडी रोवून शीड तिरपे लावा.
(२) बाजूने पुठ्ठ्याने वारा घाला. होडी आडवीच सरकते.
(३) आता तळाला मधोमध लांबीच्या दिशेने पट्टी उभी खोचा. पुन्हा बाजूने वारा घाला. होडी पुढे जाऊ लागते.

आम्ही शाळेच्या हौदात केले तेव्हा पहिल्या दोन होड्या उलट्या झाल्या. शीड फार मोठे झाले होते. शीड निम्मे केले आणि तिसरी होडी हौदाच्या या काठावरून त्या काठाला लागली.

सूचना : हा प्रयोग घमेल्यात किंवा हौदावर, मोठ्या माणसासमोर करावा. नदीवर, विहिरीवर किंवा शेततळ्यावर करू नये.

८. नवे शब्द

शीड : वारा धरणारे कापड.
डोलकाठी : शीड लावण्याचा उभा खांब.
सुकाणू : होडी वळवण्याची मागची फळी.
तांडेल : होडीवरील खलाशांचा प्रमुख.

९. घरी विचारा

(१) पूल होण्याआधी आपल्या गावचे लोक नदी कशी ओलांडत? नाव कोण चालवत असे?
(२) आपल्या गावात कोणत्या महिन्यात वारा कोणत्या दिशेने येतो?
(३) नदीला पूर आला तेव्हा पाणी कुठपर्यंत चढले होते?

पालकांनो, या प्रश्नांची उत्तरे पुस्तकात नाहीत. ती तुमच्यापाशी आहेत. मुलांना सांगा. पुढच्या अंकात आम्ही ती इथेच, याच भिंतीवर लावू.

– इयत्ता सातवी