इंधनाने दूषित झालेल्या मातीची परीक्षा

पेट्रोल साठविण्याच्या टाक्या बहुधा जमिनीखाली पुरलेल्या असतात. त्यामुळे टाकीला किंवा नळाला गळती लागली तरी वरून काहीच दिसत नाही. २०१३ साली चेन्नईच्या तोंडियारपेट भागात रहिवाशांच्या विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात इंधन आढळले, आणि मगच भूमिगत नळाच्या गळतीकडे लक्ष गेले. पाणी बिघडल्यावर मातीची चौकशी सुरू व्हावी, हाच दुर्दैवाने नेहमीचा क्रम होय.

गळलेले पेट्रोल वाळूतून झपाट्याने खाली उतरते. चिकणमातीचा थर लागला की अडते आणि आडवे पसरते. पाण्याहून हलके असल्यामुळे ते भूजलाच्या पृष्ठावर तरंगते. पावसाळ्यात भूजलपातळी वर येते, उन्हाळ्यात खाली जाते. तिच्याबरोबर इंधनही वरखाली होऊन मधल्या मातीला माखून टाकते. वरची वीतभर माती तपासून जागा निर्दोष ठरविणे यास्तव धोक्याचे आहे. टाकीच्या तळाखालून, नळाच्या सांध्यांखालून आणि भूजलपातळीच्या किंचित वरच्या थरातून नमुने घ्यावे लागतात. तुलनेसाठी गळतीच्या कक्षेबाहेरील जमिनीचाही एक नमुना हवा. कारण कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातील काही द्रव्येही एकूण हायड्रोकार्बनांच्या मोजणीत भर घालतात.

खते किती द्यावीत हे ठरविण्यासाठी शेतकरी मातीचे नमुने घेतात, ती पद्धत सर्वपरिचित आहे: शेतात दहापंधरा ठिकाणची माती एकत्र कालवावयाची, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावयाचे, उरलेली माती सावलीत वाळवून पिशवीत भरावयाची. इंधनाच्या बाबतीत यातील प्रत्येक कृती घातक ठरते. बेंझीन, टोल्युईन, झायलीन ही पेट्रोलमधील द्रव्ये अत्यंत बाष्पनशील आहेत. बेंझीन ८० अंश सेल्सिअसला उकळते हे खरे; पण ओले धोतर उकळल्याशिवायच वाळते, तसे बेंझीनही साध्या उष्णतामानात उडून जाते. माती कालविली व वाळविली की नेमके तेच द्रव्य नाहीसे होते, जे मानवात कर्करोग उत्पन्न करते असे सिद्ध झालेले आहे आणि ज्याची पिण्याच्या पाण्यातील मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम इतकी अल्प ठेवली आहे. मग अहवालात जमीन स्वच्छ ठरते, आणि शेजारची विहीर वापरात राहते.

यासाठी गिरमिटाने अगर यंत्राने इष्ट खोलीवरची माती वर येताच, तिच्या ताज्या कापलेल्या भागात लहान पोकळ नळी खुपसून सुमारे पाच ग्रॅम माती घेतात व आधी वजन केलेल्या, मिथेनॉल असलेल्या कुपीत तत्काळ सोडतात. मिथेनॉल बाष्पनशील द्रव्यांना स्वतःत विरघळवून धरून ठेवते. टेफ्लॉनचे अस्तर असलेले झाकण घट्ट लावून कुपी बर्फात, सुमारे चार अंशांवर ठेवतात. आर्द्रता काढण्यासाठी त्याच जागची माती वेगळ्या बाटलीत घेतात, कारण निष्कर्ष कोरड्या मातीच्या वजनावर सांगावयाचा असतो. डिझेल त्यामानाने जड असल्यामुळे त्यासाठी काचेची भरलेली बरणी पुरते; मात्र तीही थंडच ठेवावी लागते.

हुंगून पाहण्याचा मोह आवरावा. बाष्प अपायकारक असते आणि नाकही लवकर बधिर होते. शिवाय ही बाष्पे हवेहून जड असून खड्ड्याच्या तळाशी साचतात. तेव्हा खड्ड्यात उतरू नये. जवळपास विडी-काडी पेटविण्याचा तर प्रश्नच नाही. जागेवरील प्राथमिक अंदाजासाठी माती पिशवीत अर्धी भरून, तोंड बांधून, थोडा वेळ ठेवतात व आतील हवा बाष्पमापकाने मोजतात. या आकड्यावरून कोठला नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा एवढेच ठरवावे. प्रयोगशाळेत वायू-वर्णलेखनाने घटक वेगळे केले जातात. पेट्रोल व डिझेल यांचे आलेख निराळे उमटतात, म्हणून गळती कशाची हेही बहुधा कळते.

नमुन्यांच्या पेटीत केवळ मिथेनॉल भरलेली, माती नसलेली एक कुपी जाण्यायेण्याच्या प्रवासात बरोबर ठेवतात. नमुने नेणाऱ्या गाडीच्या टाकीत वाटेत पेट्रोल भरले, एवढेही कारण पुरते. या रिकाम्या कुपीत बेंझीन निघाले, तर त्या पेटीतील सर्व नमुने संशयास्पद ठरतात व खोदाई पुन्हा करावी लागते.