दुखत नाही, म्हणून दाखवलं नाही

"दुखत न्हाई ओ मॅडम, मग कशाला दाखवायचं?" ओपीडीत हे मी इतक्यांदा ऐकते, की हल्ली गाठीला हात लावण्याआधीच विचारते, दुखत नाही म्हणून किती महिने थांबलात?

स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. पाळीच्या आधी दोन्ही स्तन जड होतात, ठणकतात. तो त्रास बहुतेक वेळा हार्मोनचा असतो. त्याला घाबरून रात्र-रात्र जागणाऱ्या मुली माझ्याकडे येतात. आणि कडक गाठ घेऊन वर्षभर भांगलणीला जाणाऱ्या त्यांच्या आया येत नाहीत!

मागं कागलकडच्या एक मावशी आल्या. गाठ सुपारीएवढी होती तेव्हा कुणा वैदूनं पाल्याचा लेप दिला. मग मुलानं मोबाईलवर बघून हळद-गोमूत्र सुरू केलं. माझ्यापर्यंत आल्या तेव्हा गाठ लिंबाएवढी, वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी, बोंड आत ओढलेलं. तपासणीसाठी तुकडा घ्यायचा म्हटलं तर म्हणाल्या, "सुई लावली की पसरतंय म्हणत्यात." सुईनं कॅन्सर पसरत नाही. लेप लावत घालवलेल्या महिन्यांत तो पसरतो. लेप देणाऱ्याला याचा जाब कुणी विचारत नाही, याचा मला संताप येतो. मावशी वेळेवर आल्या असत्या, तर कदाचित फक्त गाठ काढून स्तन वाचवता आला असता.

त्यांना आणलं ते डेअरीत रोज भेटणाऱ्या शेजारणीनं. तिनं दोन्ही घरची वैरण उरकली आणि मावशींना एसटीत बसवलं. केमोच्या प्रत्येक खेपेला ती सोबत होती.

कॅन्सरच्या कामात आम्ही काय करू, असं बचत गटातल्या बाया विचारतात, तेव्हा मी या शेजारणीचं सांगते. ऑक्टोबरात गुलाबी फिती लावा, फेरी काढा, चांगलंच आहे. पण फेरी संपल्यावर गल्लीतली जी बाई गप्प बसली आहे, तिच्यासोबत दवाखान्यात जा. बऱ्याच जणींचं पाऊल अडतं ते लाजेपायी, आणि घरात कुणाला सांगायचं या भीतीपायी.

बाईच्या हातांनी किती होतं बघा. टाटा मेमोरियलनं 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासले. ना मॅमोग्राफी, ना मोठी यंत्रं. वीस वर्षांचा हिशेब 2021 मध्ये छापून आला. पन्नाशीपुढच्या बायांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आतल्या वयात तसा फरक दिसला नाही, पण गाठ लागली तर कुठल्याही वयात दाखवायची.

तिशीपुढच्या बायांची अशी हाताची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रातही होते. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, त्यात स्तनातल्या गाठीचा प्रश्न असतो. "न्हाई, काय न्हाई" म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नका. हळदी-कुंकवाला वाण देताना त्यांनाच बोलवा, दहा मिनिटं बोलू द्या. आणि खर्चाच्या धास्तीनं कुणी अडलं असेल, तर रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी तिच्यासाठी तुम्ही करा. ऑपरेशन, केमो, रेडिएशन त्यात बसतं.

स्तनात किंवा काखेत नवी गाठ, कातडीला खळी, बोंड नव्यानं आत जाणं, त्यातून रक्तासारखा स्राव, बोंडावरची न भरणारी खपली, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा. अंगावर पाजणाऱ्या आईनं "दुधाची गाठ असेल" म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून खाऊ नयेत. पुरुषांनाही हा आजार होतो, क्वचित. त्यांनीही गाठ लपवू नये. आणि घाबरू नका, बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण ते तपासल्यावर ठरतं, घरबसल्या नाही.

परवा ती शेजारीण पुन्हा आली. या वेळी सोबत दुसरीच बाई, रडवेली. सोनोग्राफी झाली, सुईची तपासणी झाली, रिपोर्टही आला. गाठ साधी निघाली. संध्याकाळच्या धारा काढायच्या होत्या, म्हणून दोघी चहासुद्धा न घेता निघाल्या.