पंचशील पाठ झालं, पुढे?

विहारात मुलगा त्रिसरण-पंचशील न अडखळता म्हणतो तेव्हा आपला ऊर भरून येतो. पण घरी तोच फुटलेल्या कपाचं खापर बहिणीवर फोडतो आणि आपण खेकसतो, "हेच शिकलास का विहारात?" आईबाबांनो, शीलाचा असा धाक घातला की मुलांना तेच नकोसं होतं.

बुद्धांनी स्वतःच्या मुलाला हे कसं समजावलं, ते मज्झिम निकायात आहे. परंपरेप्रमाणे राहुल तेव्हा ७ वर्षांचा श्रामणेर. राजगृहाजवळ अंबलट्ठिकेला बुद्ध संध्याकाळी त्याच्याकडे गेले. त्याने पाय धुवायला पाणी ठेवलं. पाय धुतल्यावर भांड्याच्या तळाशी थोडं पाणी उरलं. जाणूनबुजून खोटं बोलायची ज्याला लाज नाही, त्याचं श्रमणपण एवढंसंच, असं बुद्ध म्हणाले. मग ते पाणी फेकलं, भांडं उपडं केलं, सरळ करून रिकामं दाखवलं. रागाचा एक शब्द नाही. (आणि हो, जाणूनबुजून. चार वर्षांची पोर 'वाघ माझ्याशी बोलला' म्हणाली, तर तो मुसावाद नव्हे!)

मग त्यांनी विचारलं, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसंच काया, वाचा, मन यांनी काही करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहायचं: याने मला किंवा दुसऱ्याला त्रास होतो का? होत असेल तर ते अकुसल, थांबायचं. बोलण्या-वागण्यात चूक झालीच, तर जाणत्या माणसापुढे उघड करायची, पुढे जपायचं. आणि कुसल घडलं असेल, तर आनंदात राहायचं! हा आनंद आपण मुलांना शिकवायचा विसरतोच.

सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्खू-भिक्खुणी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत असे ७ धम्मपाठ सांगितले. त्यांत खोटेपणाविषयी राहुलला केलेला उपदेशही आहे. म्हणजे लहानग्यासाठीचा धडा थोरांनाही लागू.

चूक उघड करायला मुलाला घरात माणूस लागतं. "आई, कप मी फोडला," असं तो म्हणेल तेव्हा आधी ऐकून घ्या, काचा दोघं मिळून उचला, प्रश्न मग विचारा.

आणि १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही खोटं न बोलण्याची एक आहे. ती मोठ्यांनी घेतली होती. फोन वाजल्यावर "बाबा घरी नाहीत म्हण" असं पोराला सांगणारेही मोठेच असतात.