चंचल बालकाची तपासणी : कोठे व कशी करवावी

प्राथमिक शाळेच्या बहुतेक वर्गांत एखादे बालक असे असते, की ज्याची पाटी अर्धी लिहिलेली, दप्तर उघडे आणि स्वारी मात्र खिडकीपाशी असते. बुद्धीने ते मंद नसते. तोंडी प्रश्नाचे उत्तर तर प्रश्न पुरा होण्यापूर्वीच देऊन मोकळे होते. गावात त्यास व्रात्य म्हणतात, घरी मार बसतो, आणि चौथी-पाचवीच्या सुमारास ते शाळेऐवजी गुरांमागे दिसू लागते. हजेरीपटावरून नाव कमी होते, व एक प्रकरण मिटले असे सर्वांसच वाटते.

अशांपैकी पुष्कळांच्या ठायी केवळ बालसुलभ चपळता असते. काहींच्या ठायी मात्र अवधानन्यूनता व अतिचंचलता हा विकार असतो. वैद्यकाच्या व्यवहारात त्यास 'एडीएचडी' म्हणतात. हा मेंदूच्या वाढीशी निगडित विकार होय. तो आईबापांच्या लाडाने किंवा शिक्षकाच्या ढिलाईने उत्पन्न होत नाही, आणि छडीने जात नाही. (छडीचा प्रश्न शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या १७ व्या कलमाने तसाही निकालात काढला आहे.) मुलींच्या बाबतीत विशेष सावध राहावे. त्यांच्यात पुष्कळदा धावपळ दिसत नाही. मुलगी शांत बसून शून्यात पाहत राहते, आणि 'गुणी आहे, पण अभ्यासात कच्ची' एवढ्यावर तिची बोळवण होते.

निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. तथापि शिक्षकावाचून निदान होतही नाही, आणि याचे कारण त्या निदानाच्या नियमांतच आहे. अमेरिकन मानसरोगवैद्यक संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमावलीनुसार बालकात अनवधानाच्या ९ लक्षणांपैकी किंवा अतिचंचलता व उतावीळपणाच्या ९ लक्षणांपैकी निदान ६ लक्षणे किमान ६ महिने दिसावी लागतात. त्यांतील काही वयाच्या १२ व्या वर्षापूर्वी दिसलेली असावी लागतात. आणि ती घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी आढळावी लागतात. केवळ गणिताच्या तासास चुळबुळ करणारे मूल यात बसत नाही. शाळेत काय घडते हे डॉक्टरांस दिसत नाही व आईसही दिसत नाही. ते शिक्षकानेच कळवावयाचे असते.

म्हणून प्रथम दोन आठवडे नोंद ठेवावी. 'फार मस्ती करतो' ही नोंद नव्हे, तो अभिप्राय झाला. 'शुद्धलेखनाच्या १० मिनिटांत चार वेळा जागेवरून उठला. पाच ओळींपैकी दोन लिहिल्या. गोष्ट सांगताना मात्र शेवटपर्यंत बसला' ही नोंद होय. त्यात बालकाचे चांगले गुणही यावेत. फळ्यावरचे वाचताना ते डोळे बारीक करते काय, पाठीमागून हाक मारल्यास ऐकते काय, क्षणभर एकटक होऊन पुन्हा भानावर येते काय, हेही लिहावे. दृष्टिदोष, कमी ऐकू येणे, अपस्माराचा एक प्रकार, पंडुरोग, अपुरी झोप किंवा घरातील भय यांमुळेही मूल असेच वागू शकते, व यांतील प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

यानंतर पालकांची भेट घ्यावी. ती घरी, आईवडील दोघांच्या समक्ष घ्यावी, पारावर नव्हे. रोगाचे नाव उच्चारू नये. 'मुलगा हुशार आहे, पण त्याचे चित्त टिकत नाही. याचे कारण डॉक्टरांकडून समजून घेऊ या' एवढे पुरते. वेड्याच्या डॉक्टरांकडे नेतात असा समज एकदा वस्तीत पसरला, की ते कुटुंब पुन्हा दार उघडत नाही.

आता जावे कोठे ? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथे सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, आणि तपासावयाच्या ३० व्याधींत या विकाराचा स्पष्ट समावेश आहे, ही गोष्ट पुष्कळ शाळांना ठाऊक नसते. तपासणी पथक शाळेत येईल त्या दिवशी ते बालक हजर असेल असे पाहावे व नोंदीचा कागद पथकातील डॉक्टरांच्या हाती द्यावा. रांगेत वजन-उंची होऊन मूल दोन मिनिटांत पुढे सरकते. कागद नसेल तर काहीच कळत नाही. पथक नुकतेच येऊन गेले असेल, तर वर्षभर वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रातून संदर्भचिठ्ठी घ्यावी. पुढील ठिकाण म्हणजे जिल्ह्याचे शीघ्र हस्तक्षेप केंद्र. तेथे बालरोगतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ यांची योजना केलेली असते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे मनोविकारतज्ज्ञही जिल्हा रुग्णालयात भेटतात. तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात हे आधी दूरध्वनीवरून विचारावे. दोघांची मजुरी बुडवून, एस. टी. चे भाडे खर्चून आलेले आईबाप 'आज साहेब नाहीत' हे ऐकून परतले, तर दुसऱ्यांदा येतील याचा भरवसा नाही. कोठेच वाट न सापडल्यास १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. ही सेवा २०२२ पासून चालू आहे.

पालक खाजगी तज्ज्ञाकडे जाऊ इच्छित असतील, तर दोहोंतील भेद सांगावा. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्य असून औषध देऊ शकतात. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात व वर्तनोपचार शिकवितात, औषध देत नाहीत. पहिल्यांची नोंद वैद्यक परिषदेकडे, दुसऱ्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, आणि नोंदणीक्रमांक विचारण्यात संकोच मानू नये. या विकाराचे निदान करणारी रक्ताची चाचणी नाही, की मेंदूचे छायाचित्रही नाही. यंत्र डोक्याला लावून तासाभरात निर्णय देणारा अथवा महिन्यात खात्रीने गुण देणारा मनुष्य आढळल्यास पालकांचे पैसे वाचविणे हेच शिक्षकाचे कर्तव्य.

भेटीस जाताना नोंदीचा कागद, दोन-तीन वह्या, लसीकरणाचे कार्ड व जुने औषधाचे कागद न्यावेत. पहिल्याच भेटीत सर्व ठरेल अशी अपेक्षा नसावी.

लहान, विशेषतः सहा वर्षांखालील मुलांत पालकांस वागणुकीच्या रीती शिकविणे हा पहिला उपाय असतो. मोठ्या मुलांस डॉक्टर कधी मेथिलफेनिडेटसारखे औषध देतात. ते तज्ज्ञाच्या चिठ्ठीवाचून मिळत नाही व कमी-अधिक करावयाचे नसते. त्याने भूक मंदावू शकते, झोप उडू शकते. मध्यान्ह भोजनात मूल ताट तसेच ठेवते, हे प्रथम शिक्षकाच्याच नजरेस येईल. ते डॉक्टरांस कळवावे. वर्गात त्यास पुढे बसवावे, दहा उदाहरणांऐवजी तीन-तीन द्यावीत, वह्या वाटण्यास उठवावे. गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांचे साहाय्य यात अवश्य मागावे.

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांत उपचार दिवाळीच्या सुमारास तुटतो. निघण्यापूर्वी पालकांनी डॉक्टरांस भेटून पुढील महिन्यांच्या औषधाची व्यवस्था विचारावी. संदर्भचिठ्ठीची एक प्रत आईजवळ व दुसरी शाळेच्या दप्तरात ठेवावी, आणि मूल मधेच दुसऱ्या शाळेत गेल्यास तेथील मुख्याध्यापकांस ती मोहोरबंद लिफाफ्यात पाठवावी.