त्या रात्री माल मोजायचा असतो गं

काल फोनवर तुझा रडवेला आवाज ऐकला आणि मला माझं 2013 साल आठवलं. 22 सप्टेंबर 2025 ला, ऐन घटस्थापनेला, भांड्यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आणि तू अजून त्याच हिशेबात अडकली आहेस. आधी चहा टाक. दर बदलला म्हणून दुकान बुडत नाही.

बघ, ठाण्याच्या आपल्या कोपरीने याहून विचित्र दिवस काढलेत. 1 एप्रिल 2013 ला ठाण्यातली जकात गेली आणि एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला. जकातीत नाक्यावर पावती फाडली की विषय मिटायचा. एलबीटीत शहरात आणलेल्या मालाचा हिशेब आपणच ठेवायचा, आपणच भरायचा. मुंबईच्या तांबाकाट्याहून पातेली आणली की इकडे एलबीटी, आणि पलीकडे मुलुंडला माल धाडायचा तर आनंदनगरच्या नाक्यावर जकात, कारण मुंबईने ती 2017 पर्यंत ठेवली होती. व्यापाऱ्यांनी बंद पाळले, वाद झाले. मग 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींखालच्या उलाढालीला तो माफ झाला. आपल्यासारख्यांपुरता 28 महिन्यांचा पाहुणा.

खरं सांगू का, त्या पाहुण्याने मला पुरतं रडवलं. 31 मार्चच्या रात्री मी शटर ओढून घरी गेले, दुकानात किती माल आहे ते मोजलंच नाही. कर गेल्यावर निर्धारणाची नोटीस आली. कुठली परात आधीची, कुठली नंतरची, हे कागदावर दाखवताच येईना. कर गेला होता, पण त्याचा हिशेब शिल्लक होता, आणि मी बरीच बिलं रद्दीत घातली होती! शिवाय मी कर भावातच मुरवला होता. तो गेल्यावर नेहमीच्या काकू म्हणाल्या, "मग भाव का नाही उतरला गं?" मला उत्तर सुचलं नाही. त्या पुढे महिनाभर फिरकल्या नाहीत.

म्हणून तुला बजावते. दर बदलायचा असेल त्याच्या आदल्या रात्री माल मोजायचा. स्टील किलोवर, कुकर नगावर, मांडणीचे फोटो काढायचे आणि जुन्या दराच्या शेवटच्या बिलाचा नंबर वहीत लिहायचा. या वेळी राहिलं ना? मग खरेदी-विक्रीच्या बिलांवरून मागे मोजत जा. दोन दुपारी लागतील, पण तुला जमेल.

12 टक्क्यांनी घेतलेल्या मालाचं काय, म्हणून तू घाबरलीस. अगं, खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट बुडत नाही, पुढच्या विक्रीच्या करात वळतं. रोख मात्र हातात येत नाही, म्हणून सणासाठी माल भरताना हात आखडता घे. तू कंपोझिशन योजनेत असतीस तर गोष्ट वेगळी. तिथे उलाढालीवर 1 टक्का, क्रेडिट नाहीच.

लग्नाच्या रुखवताची ती ऑर्डर? माल देणं, बिल आणि पैसे, या तिघांतल्या ज्या दोन गोष्टी एका बाजूला पडतात, त्या बाजूचा दर. जीएसटी कायद्याचं कलम 14 हेच सांगतं. तुझं बिल आणि माल दोन्ही 22 तारखेनंतरचे, म्हणजे 5 टक्के. आगाऊ रक्कम आधी घेतली तरी. सीएंना एकदा विचारून घे, पण त्यासाठी रात्रभर जागू नकोस.

आणि भाव व कर पाटीवर वेगळे लिही, गिऱ्हाइकाला दिसू दे. कराचे पैसे गल्ल्यात मिसळू नकोस, वेगळ्या डब्यात ठेव, नाहीतर दूधवाल्याच्या बिलात जातात.

शनिवारी दुपारी मी येते. तराजू पुसून ठेव आणि बिलांची ती पिशवी माळ्यावरून खाली काढ. फेकायची नाही हं!