उन्हाळी मिरची-टोमॅटो: बी खोलीत उगवून घ्या

दिघी, चऱ्होली, मोशी भागात जानेवारीची पहाट गारच असते. मिरचीच्या बियाला उगवायला 25 ते 30 अंश ऊब लागते. 15 च्या खाली बी नुसतं पडून राहतं, कधी कुजतंही. म्हणून पेरलेले ट्रे उघड्यावर ठेवू नका.

98 कप्प्यांचा प्रोट्रे घ्या. कोकोपीट ओलसर हवं, मुठीत दाबलं तर पाणी गळायला नको. बी अर्धा सेंटीमीटर खोल. ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने झाका आणि घरातल्या बंद खोलीत ठेवा. पत्र्याची शेड नको, ती पहाटे बाहेरइतकीच गार पडते.

चुकतं ते यापुढे. चौथ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ थप्पी उघडून बघा. टोमॅटो आधी उगवतो, मिरचीला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून दोन्हींच्या थप्प्या वेगळ्या लावा. कोंब दिसायला लागले की त्याच दिवशी ट्रे उजेडात, शेडनेटखाली पसरा. उशीर झाला तर रोपं पिवळी, लांबट होऊन कोलमडतात, महागाचं बी वाया जातं. रात्री वरून प्लास्टिक टाका, सकाळी काढा.

पाणी सकाळीच. संध्याकाळच्या ओलीनं रोपं बुडाशी कुजतात.

काकडी-कारल्याची घाई नको. त्यांची रोपं 12-15 दिवसांत होतात, मिरचीला 35-40 लागतात.

शंका वाटली तर ट्रेचा फोटो याच नंबरवर पाठवा.